बाहुलीचे अंग, लुगड्याचे वय

जुन्या कापडातून बाहुलीसाठी कपडे शिवणे हे काम दिसायला लहान असले, तरी वस्त्रांच्या अभ्यासकांनी ज्याचे उत्तर एकमुखाने दिलेले नाही असा प्रश्न त्यात पहिल्याच पायरीवर उभा राहतो: ज्या कापडाचा माग मोडला, ज्याचा रंग उकळणारा रंगारी आपली कृती मागे न ठेवता गेला, त्या कापडाला कात्री लावावी काय, आणि लावायचीच तर कोठे? 'जुने कापड' हा शब्दप्रयोगही सैल आहे. संग्राहकांच्या बोलण्यात साधारण २० वर्षांहून जुन्या पण शंभरी न गाठलेल्या कापडाला 'व्हिंटेज' आणि शंभरी ओलांडलेल्याला 'अँटिक' म्हणण्याची रीत आहे. भारतातील पुराणवस्तू व कलावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानेही १०० वर्षांचीच मर्यादा मानली असून, कारागिरीची तितकी जुनी वस्तू कोणाही खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कपाटात पडलेले आजीचे लुगडे कोणत्या बाजूला पडते हे घरातल्या माणसांना पुष्कळदा ठाऊक नसते, आणि कात्री तर घरातच चालते.

पुढील संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू दोन स्त्रियांच्या मुखी घातल्या आहेत. एक संग्रहालयात वस्त्रांची निगा राखते, म्हणून तिला जतनकर्ती म्हटले आहे. दुसरी बाहुल्यांचे कपडे हाताने शिवते, ती शिवणकर्ती. जतनकर्ती वयाने मोठी असल्याने तिला दुसरी 'बाई' म्हणते, आणि ती शिवणकर्तीला 'ताई' म्हणते. दोघींच्या मध्ये एक नऊवारी पैठणी पसरलेली आहे असे मानावे: रेशमी अंग, नारळी काठ, पदरावर आसावलीच्या वेली, आणि घड्यांच्या रेषांवर जागोजागी चिरलेली.

जतनकर्ती : "ताई, कात्री हाती घेण्याआधी समोर काय आहे ते पाहावे. ताग्यातून फाडलेले कापड हा तुकडा असतो, पण लुगडे मागावरूनच पूर्ण होऊन उतरते. त्याला आरंभ आहे, शेवट आहे, दोन्ही अंगांना किनार आहे, आणि अंग, काठ व पदर यांची मांडणी विणकराने ताणा लावतानाच ठरवलेली आहे. पैठणीच्या पदरावरची वेल भरतकामासारखी वरून काढलेली नसते. तेथे बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत सलग जातच नाही. प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या पानाफुलापुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो, म्हणून तर नक्षी उलटसुलट दोन्हीकडून सारखी दिसते. अशा विणीवर कात्री चालली की ते आखूड धागे सुटे होतात, आणि जी जखम साध्या कापडात एका रेषेपुरती राहिली असती ती येथे सबंध फुलाला लागते."

शिवणकर्ती : "फूल उसवते हे खरे आहे, बाई. पण हे लुगडे घडीवर आधीच चिरले आहे, आणि ते कात्रीने नव्हे, ट्रंकेने चिरले आहे. वर्षानुवर्षे घडी त्याच रेषेवर पडली आणि काठाच्या जरीचे वजन त्याच रेषेला ओढत राहिले. शिवाय मराठी घरात लुगडे अखंड राहावे असा नियम होता तरी कधी? लुगडे विरले की त्याचे धडुते होई; धडुत्याच्या मऊ भागातून बाळाचे दुपटे, झबले, कुंची निघे; उरलेले थर लावून गोधडीत जाई; गोधडीलाही न पुरलेली चिंधी पोरींच्या बाहुलीला मिळे, आणि बाहुला-बाहुलीच्या लग्नात तीच चिंधी शालू म्हणून मिरवे. बाहुलीचे कपडे हा त्या साखळीतला जुना दुवा आहे, आज निघालेली हौस नव्हे."

हे उत्तर भावनेचे वाटले तरी त्यात वस्तुस्थिती आहे. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येत असे. जरीच्या लुगड्यांना वेगळे गिऱ्हाईक होते. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार; ती जाळून आटवली की चांदी हाती येते, आणि कित्येक जुने काठपदर अशा रीतीने भट्टीत गेले. जळालेल्या काठाचा नमुना कोणत्याही वहीत उरत नाही. कापलेला काठ निदान पाहता येतो.

जतनकर्ती : "भट्टीपेक्षा बाहुली बरी, हे मान्य. पण साखळीतला एक तपशील त्यात गाळला जातो. घरात कापड कापले जाई ते विरल्यावर. धड लुगडे कापून कुंची शिवणाऱ्या सुनेला सासूने दोन शब्द सुनावले असते. आज उलटे घडते. बाहुलीच्या पोशाखाला उठाव यावा म्हणून चांगला, दम असलेला पदर शोधला जातो आणि विरलेला भाग टाकून दिला जातो. साखळी जुनी असेल, पण तिची दिशा फिरली आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. त्या वस्तू जमवल्या जात होत्या तेव्हा त्या कोणालाही मोलाच्या वाटत नव्हत्या. आज सामान्य वाटणारे लुगडे पन्नास वर्षांनी एकुलते उरलेले असू शकते."

प्रस्तुत लेखाचा कल येथे स्पष्टपणे जतनकर्तीकडे आहे. धड पदर कापणे हे कोणत्याही परंपरेच्या नावाने समर्थनीय ठरत नाही, आणि विक्रीसाठी शिवलेल्या बाहुल्यांत हा प्रकार घडतो तेव्हा त्याला वारसा हे नाव देणे चुकीचे आहे. तथापि शिवणकर्तीचा पुढचा मुद्दा इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, कारण तो संग्रहालयांच्याच दालनांतून आलेला आहे.

शिवणकर्ती : "बाई, माणसांचे कपडे जेथे नाहीसे झाले तेथे बाहुल्यांनी ते राखले आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम या नावाने ओळखली जाणारी लाकडी बाहुल्यांची जोडी आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीची. १९७४ मध्ये ती संग्रहालयात आली. त्यांच्या अंगावर वरच्या झग्यापासून आतल्या कपड्यांपर्यंत, मोजे आणि जोड्यांसकट सर्व काही आहे, आणि तेही त्या काळच्या शिंप्याने माणसाला शिवावे तसे शिवलेले. त्या काळातला माणसाचा असा एकसंध पोशाख मिळणे किती अवघड आहे हे बाईंना सांगायला नको. मोठ्या माणसाचा झगा उसवून दुसरा शिवला जातो, फाटेस्तोवर वापरला जातो. बाहुलीचा झगा उसवून कोणाचेही अंग झाकले जात नाही, म्हणून तो राहतो. व्हिक्टोरिया राणी होण्याआधी, मुलगी असताना, तिच्याकडे १३२ छोट्या लाकडी बाहुल्या होत्या. आपल्या शिक्षिकेच्या, म्हणजे बॅरोनेस लेझेन यांच्या मदतीने तिने त्या नटवल्या, आणि त्यांतील ३२ बाहुल्यांचे कपडे स्वतःच्या हाताने शिवले. त्या बाहुल्याही टिकल्या."

जतनकर्ती : "क्लॅपहॅम बाहुल्यांचे कापड त्या काळी नवेच होते, ताई. जुने कापड कापून त्या नटवलेल्या नाहीत. हाच भेद पॅरिसच्या 'तेआत्र द ला मोद' या प्रदर्शनातही दिसतो. दुसऱ्या महायुद्धाने कापडाचा दुष्काळ पडलेला असताना तेथील वेशकारांनी तारेच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्यांवर आपले नवे पोशाख चढवले. मार्च १९४५ मध्ये ते प्रदर्शन लूव्रच्या इमारतीत उघडले, नंतर लंडन आणि पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतही गेले. एका माणसाच्या पोशाखाला लागणाऱ्या कापडात कित्येक बाहुल्या नटल्या. त्या बाहुल्या पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानात पडून राहिल्या आणि १९५२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयात पोचल्या. बाहुली कापड राखते हे यातून सिद्ध होते. पण ती आपल्या काळाचे कापड राखते. दुसऱ्या काळाचे कापड तोडून तिला दिले, तर पुढच्या अभ्यासकाला ती दोन्ही काळांविषयी चुकीची साक्ष देईल."

साक्ष हा शब्द येथे विचारपूर्वक आलेला आहे. १९९० च्या बाहुलीवर १९२० च्या खणाची चोळी असेल आणि तसे कोठेही लिहिलेले नसेल, तर बाहुली चोळीइतकी जुनी ठरते किंवा चोळी बाहुलीइतकी नवी ठरते. धागा जाळून पाहण्याची परीक्षा काही अंशी मदत करते, कारण रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. परंतु ही परीक्षा धागा कशाचा आहे इतकेच सांगते, तो केव्हाचा आहे ते सांगत नाही.

शिवणकर्ती : "ही हरकत मान्य आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. बाहुलीच्या परकराच्या आत एक सुती पट्टी टाचावी, तीवर कापड कोठले, कोणत्या भागातून काढले, केव्हा शिवले हे लिहावे. पण त्याआधी बाईंनी एक गोष्ट पाहावी. धड पदर बाहुलीला शोभतो असे जे म्हटले जाते ते शिवणाऱ्याच्या अनुभवाला धरून नाही. बाहुलीला पदर शोभतच नाही."

येथून संवादाला वेगळे वळण मिळते, कारण प्रश्न नीतीचा न राहता मापाचा होतो, आणि या विषयातील सर्वांत कसदार भाग हाच आहे. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या बार्बीची उंची सुमारे २९ सेंटिमीटर आहे, म्हणजे ढोबळमानाने माणसाच्या सहाव्या हिश्श्याइतकी. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, त्याचा सहावा हिस्सा १.३७ मीटर. तेव्हा इतक्या लांबीची पट्टी घेतली की बाहुलीचे नऊवारी झाले, असे हिशेब सांगतो. नेसवायला घेतल्यावर मात्र हिशेब फसतो. लांबी आणि रुंदी कात्रीने सहाव्या हिश्श्यावर आणता येते, कापडाची जाडी येत नाही. समजा, कापड ०.२ मिलिमीटर जाडीचे आहे आणि निऱ्यांच्या जागी त्याचे बारा थर एकावर एक येतात. ही जाडी २.४ मिलिमीटर होते. माणसाच्या कमरेला ती जाणवत नाही, पण बाहुलीच्या कमरेला ती माणसाच्या पोटावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची गादी बांधल्यासारखी दिसते. शिवाय कापडाचा ताठरपणाही तसाच राहतो, त्यामुळे निऱ्या खाली पडण्याऐवजी पंख्यासारख्या फाकतात, आणि काष्टा मागे खोचल्यावर कापडाचा गोळा होतो.

शिवणकर्ती : "म्हणून बाहुलीला अंगाचे कापड लागते, आणि तेही विरलेले. नवे रेशीम ताठ असते. पन्नास वेळा नेसलेले, धुतलेले, मऊ पडलेले कापडच तिच्या अंगावर पडते. निऱ्यांची लांबी निम्म्यावर आणायची, त्या आतून दोन धावदोऱ्यांनी बसवायच्या, काष्ट्यासाठी वेगळा तुकडा जोडायचा, असे केले की नऊवारीचा भास होतो. पैठणीच्या पदरावरचे आसावलीचे झाड एक वीत उंचीचे असेल, तर ते बाहुलीच्या गळ्यापासून जवळजवळ घोट्यापर्यंत पोचते. तेथे फूल दिसत नाही, नुसता रंगाचा पट्टा दिसतो. चोळीसाठी खणाचे कापड घ्यावे. गुळेदगुडच्या खणावर जादा ताण्याने उठवलेल्या ज्या बारीक बुट्ट्या असतात त्या इतक्या लहान असतात की बाहुलीच्या अंगावरही बुट्ट्याच राहतात. खणाची उलटी बाजू मात्र जपावी, कारण तिकडे नक्षीचे धागे सुटे धावतात आणि बाहुलीच्या बोटात अडकतात. तेथे पातळ मलमलीचे अस्तर हवेच."

जतनकर्ती : "म्हणजे बाहुलीला जे हवे ते लुगड्यातले सर्वांत विरलेले आहे, आणि संग्रहालयाला जे हवे ते सर्वांत नक्षीदार. हे ठाऊक असते तर निम्मे भांडण आधीच मिटले असते."

शिवणकर्ती : "निम्मेच, बाई."

याच ओघात दोघींनी कोणते जुने कापड मुळीच शिवू नये याचीही चर्चा केली, आणि येथे शिकवण्याचे काम जतनकर्तीकडे आले. कच्च्या रेशमावर शेरिसीन नावाचा डिंकासारखा थर असतो; तो उकळून काढल्यावर रेशमाचे वजन साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याने घटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील कारखानदारांनी ही घट भरून काढण्यासाठी, आणि पुढे तर वजन मुद्दाम वाढवण्यासाठी, रेशीम कथिलाच्या क्षारात बुडवण्यास सुरुवात केली. अशा रेशमाचा आवाज सळसळता आणि पोत भरदार असे, पण तो क्षार धागा आतून पोखरतो आणि कापड उभ्या रेघांत फाटत जाते. त्या काळच्या फ्रेंच चिनीमातीच्या बाहुल्यांचे रेशमी झगे आज हात लावताच झडतात ते यामुळे, आणि या फाटण्यावर रफूचा इलाज नाही, कारण सुई जेथे घालावी तेथेच नवे छिद्र पडते. दुसरे टाळण्याचे कापड म्हणजे लोहाच्या रंगाने काळ्या-तपकिरी रेघा छापलेली जुनी चिटे. त्यांत इतर नक्षी शाबूत राहते आणि काळी रेघ तेवढी खाल्ल्यासारखी गळून पडते.

शिवणकर्ती : "आणि शिवलेले कापड टिकावे म्हणून? टाके कसे घालावेत याविषयी जतनशास्त्र काय म्हणते?"

जतनकर्ती : "त्या शास्त्राचा गाभा असा की जे केले ते उलटे फिरवता आले पाहिजे. कात्री उलटी फिरत नाही, टाका उसवता येतो. म्हणून जेथे घडी घालून भागते तेथे कापू नये. किनार आत दुमडली तर बाहुलीच्या लुगड्याला तयार काठ मिळतो आणि कापडही अखंड राहते. शिवायचेच तर हाताने, आणि दोरा कापडाहून कच्चा असावा. जुन्या रेशमावर पॉलिएस्टरचा दोरा घातला, तर ताण आल्यावर दोरा तग धरतो आणि कापड सुरीने चिरल्यासारखे फाटते. बारीक सुती किंवा रेशमी दोरा घातला, तर आधी दोरा तुटतो, आणि तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. डिंक किंवा चिकटपट्टी कधीही वापरू नये."

मायेविषयी मात्र शिकवण्याची पाळी शिवणकर्तीची होती. माया म्हणजे टिपेच्या पलीकडे राखलेले जास्तीचे कापड. बाहुलीच्या कपड्यात ती कमीत कमी, पाच-सहा मिलिमीटर ठेवण्याची शिकवण पुस्तकांतून दिली जाते, कारण जास्त मायेने शिवण फुगते. पण विरलेल्या कापडाच्या कडा सुटतात, तेव्हा तेवढी माया उसवता उसवताच संपते. म्हणून तिने सांगितलेली रीत अशी की कापण्याआधी कागदी बेतावरून कापडावर धावदोऱ्याने रेघ मारावी, रेघेच्या आत बारीक हातटाके घालावेत, आणि मगच, रेघेपासून निदान एक सेंटिमीटर सोडून, कात्री लावावी. तिरक्या, म्हणजे उरेब भागातून काढलेले जुने रेशीम लांबते आणि परत येत नाही, हेही तिने सांगितले. त्यामुळे टोपी, बटवा, पानसुपारीची चंची, पिशवीचा बंद अशा लहान वस्तूंसाठी उरेब तुकडा घेण्याचा मोह टाळावा, आणि बटव्याला तर जुन्या झंपराच्या बाहीतला सरळ तुकडाच पुरतो. चामड्याचे जोडे करायचे तर जुन्या हातमोज्यांचे पातळ कातडे उत्तम, कारण ते मुळातच बोटाच्या वळणावर बसेल असे मऊ केलेले असते.

बाहुलीचे शरीरही कापडाचा शत्रू ठरू शकते, या मुद्द्याकडे दोघींचेही लक्ष उशिरा गेले. जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणाने बनत. ट्रंकेत कसर लागू नये म्हणून लुगड्यांत कापूर ठेवण्याची रीत ज्या घरांत होती त्यांना हा कापूर ओळखीचा वाटेल, पण सेल्युलॉइड जीर्ण होताना त्यातून आम्लयुक्त वायू सुटतात, आणि ते टाचण्या गंजवतात व कापड कुजवतात. व्हिनाइलच्या नव्या बाहुलीचे उलटे असते. तिला कापडापासून धोका असतो, कारण जुन्या लाल किंवा काळ्या कापडाचा कच्चा रंग तिच्या अंगात उतरतो आणि पुन्हा निघत नाही. पांढऱ्या सुती अस्तराने दोन्ही संकटे बऱ्याच अंशी टळतात, हे शिवणकर्तीला अनुभवाने ठाऊक होते. जतनकर्तीने त्यात इतकीच भर घातली की खरी जर असलेला पोशाख रबराच्या किंवा लोकरीच्या वस्तूंजवळ ठेवू नये, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळी पडते.

अखेर दोघींनी समोरच्या लुगड्याची वाटणी केली. अंगाचा मधला भाग, जेथे रेशीम सर्वांत विरले आहे आणि दोन चिरांमध्ये एक हातभर धड पट्टी उरली आहे, तो बाहुलीला द्यावा. काठ अंगापासून सोडवू नयेत. आणि कापण्याआधी सबंध लुगड्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेऊन, चिरा व कापाची जागा दाखवणारा आराखडा काढून, त्याची एक प्रत बाहुलीबरोबर आणि एक उरलेल्या लुगड्याबरोबर ठेवावी. इथवर मतभेद नव्हता. पदरापाशी तो पुन्हा उभा राहिला, कारण पदर मधोमध चिरला होता.

जतनकर्ती : "पदर घडी न घालता रुंद नळीवर गुंडाळावा, मध्ये आम्लविरहित कागद घालावा, उजेडापासून दूर ठेवावा."

शिवणकर्ती : "चार हात लांबीची नळी कोणाच्या घरात मावते, बाई? या लुगड्याची मालकीण दोन खोल्यांत राहते. तिच्या नातीला हा पदर पाहायचा असेल तर ती तो उलगडणार, आणि उलगडताना चीर वाढणार. चिरेच्या एका बाजूची एक वेल, चहूकडून मलमलीत शिवून, बाहुलीच्या खांद्यावर शालीसारखी घातली, तर ती नात ती रोज पाहील."

जतनकर्ती काही वेळ चिरेच्या दोन्ही कडा बोटाने जुळवून पाहत राहिली. "चिरेखाली रेशमी जाळी लावून कडा बसवता येतील," ती म्हणाली, "पण त्याला महिना लागेल. तोवर कात्री थांबवा, ताई."

शिवणकर्तीने अंगाची पट्टी तेवढी मोजून घेतली, धावदोऱ्याची रेघ मारली, आणि पदर जसा होता तसा पुन्हा पसरून ठेवला.